नऊ बोलांचं गाव

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची, ते विचारू नका. तेव्हा जे जिवंत होते ते सगळे आता मातीत आहेत, एवढी जुनी. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी त्याहून नीट ऐकावी.

दोर वळणाऱ्यांचं एक गाव होतं. त्या गावच्या प्रार्थनामंदिराच्या अंगणात, शनिवारी भर दुपारी, भांडण ऐन रंगात आलं होतं.

"यादीत नाव येणार नाही म्हणजे येणार नाही!" मंडळीचे वडील म्हणाले. मंदिराचा कारभार पाहणाऱ्याला त्या गावात 'वडील' म्हणत. हे वडील काही फार म्हातारे नव्हते, पण आवाज मात्र म्हाताऱ्याचा काढत.

"आणि मी म्हणते येणार!" केराबाई म्हणाली. ती मात्र खरीच म्हातारी होती आणि आवाज तरुण बाईचा काढायची. "मेलेल्या बाईचं नाव उच्चारायला तुमच्या जिभेला काय काटे टोचतात?"

"रीत आहे, केराबाई. घरच्या माणसाने नऊ बोलांना 'आमेन' म्हटल्याशिवाय नाव यादीत चढत नाही."

"रीत! रीत काय आभाळातून पडली? माणसांनी घातली, माणसांनी मोडावी."

"हे तुम्ही म्हणता? तुम्ही?" वडिलांनी अंगणातल्या लोकांकडे पाहिलं. "ऐका रे, ऐका! वीस वर्षं हीच रीत हिने दारोदार फिरवली. माझ्या पोरींना नऊ बोल हिने पाठ करवले, छडी घेऊन!"

"छडी होती म्हणूनच पाठ झाले," मागून कुणीतरी बाई पुटपुटली. केराबाईने मान वळवून एकदाच पाहिलं. बाई गप्प झाली.

"पाठ करवले," केराबाई म्हणाली. "नाही कुठे म्हणते?"

"मग आता काय झालं? पाच आठवडे त्या नथनेलच्या अंगणात जाताय. पहिल्या दिवसानंतर त्याला एक बोल ऐकवला नाहीत. एक आमेन त्याच्या तोंडून काढलं नाहीत. तिथे करता तरी काय?"

"दोर वळते."

लोक हसले. हसण्यासारखंच होतं ते. पण केराबाईने आपले दोन्ही तळहात उघडून वडिलांच्या डोळ्यांपुढे धरले, तेव्हा पुढच्या रांगेतलं हसू थांबलं. तळव्यांवर साल राहिली नव्हती.

आता हे भांडण कशाचं, ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, उन्हाने डोकी तापली असतील.

त्या गावात कुणी वारलं, तर तिसऱ्या दिवशी मंडळी सांत्वनाला जाई. सांत्वन म्हणजे नऊ बोल. देवाने दिलं, देवाने नेलं, हा पहिला. गेलेलं माणूस आपल्याहून चांगल्या ठिकाणी आहे, हा दुसरा. रडू नकोस, रडणं म्हणजे अविश्वास, हा पाचवा. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, हा सातवा. पुनरुत्थानाच्या दिवशी, मेलेले उठतील तेव्हा, भेट होईल, हा नववा. मधले तुम्हाला ऐकून ठाऊकच असतील; असे बोल प्रत्येक गावात असतात, फक्त कुणी मोजत नाही. ह्या गावाने मोजले होते.

एकेक बोल झाला की घरच्या माणसाने 'आमेन' म्हणायचं. आमेन म्हणजे तसंच असो. नऊ वेळा आमेन झालं की शोक संपला. मग गेलेल्याचं नाव यादीत लिहिलं जाई आणि पुनरुत्थानाच्या सणाच्या पहाटे, दफनभूमीत, सगळ्या मंडळीसमोर मोठ्याने वाचलं जाई. त्या गावाला दुसरं कसलं वैभव नव्हतं. राजाच्या घरीही मिळणार नाही असा मान त्यांना वर्षातून एकदा मिळे, तो हाच. तांबडं फुटताना आपल्या माणसाचं नाव ऐकायचं.

हे बोल आले कुठून? गावात पहिला पाळक, म्हणजे धर्मगुरू, आला होता, देवमाणूस. एका घरात पुरात तीन माणसं गेली. हा पाळक त्या घरी सात दिवस राहिला. त्याने तिथे पाणी भरलं, सरपण फोडलं, घरधन्याच्या म्हाताऱ्या आईला भरवलं. सात दिवसांत तो बोलला किती? नऊ वाक्यं. तीही घरच्यांनी विचारलं तेव्हा. पुढे लोकांनी ती लिहून ठेवली. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्यांतली काही वाकडी झाली, काही भलत्याचीच मिसळली. पण मोठी चूक ती नव्हे. मोठी चूक ही, की वाक्यं लिहिली आणि पाणी लिहायचं राहिलं.

केराबाई गावात हे बोल सांगणारी बाई होती. मान मोठा. ती अक्षर कुणाकडून शिकली नव्हती. कोळशाने भिंती काळ्या करून स्वतःच्या हिमतीवर शिकली होती, आणि त्याचा तिला ताठा होता. असावाच. बोल सांगताना तिचा आवाज कधी कापला नाही, डोळा कधी ओला झाला नाही. नऊ बोल आणि नऊ आमेन, इतक्या वेळात तिचं काम उरके. लोक म्हणत, केराबाई दारात उभी राहिली की मरण आवरतं घेतं.

मग नथनेलची बायको वारली.

नथनेल हा गावातला सगळ्यांत चांगला दोर वळणारा. विहिरीचा नाडा असो की बैलाचा कासरा, त्याच्या हातचा असला की लोक डोळे मिटून घेत. तीस वर्षांत त्याने दोरात कुजका वाख घातला नव्हता. वाख म्हणजे अंबाडीचे सोललेले धागे. दोराच्या पोटात कुजका वाख दडवला तर वरून कुणाला दिसत नाही, पण नथनेल म्हणे, "मला दिसतो ना!"

त्याची बायको हन्ना. दोर वळायला दोन माणसं लागतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर आता ठाऊक करून घ्या. एक जण लाकडी फिरकी फिरवून पीळ देतो. दुसरा समोर, वीस पावलांवर, टोक ताणून धरतो. पीळ बसत जातो तसा दोर आखूड होतो, म्हणून समोरच्याने अंदाजाने पाऊल पाऊल पुढे यायचं असतं. लवकर आलं तर दोर सैल पडतो, उशीर केला तर तुटतो. हन्ना तीस वर्षं ते टोक धरून होती. दिवसाच्या शेवटी ती पाऊल पाऊल पुढे येत नवऱ्याच्या जवळ आलेली असे, आणि दोर तयार झालेला असे.

सणाआधीच्या उपासाच्या दिवसांच्या सुरुवातीला तिला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. मूलबाळ नव्हतं. नथनेल एकटा राहिला.

तिसऱ्या दिवशी केराबाई मंडळी घेऊन त्याच्या अंगणात गेली. नथनेल फिरकीपाशी उभा होता. त्याने दोराचं दुसरं टोक कडुनिंबाच्या खोडाला बांधलं होतं आणि पीळ देत होता. दोरात गाठी पडल्या होत्या. त्याच्या हातून असा दोर गावाने कधी पाहिला नव्हता.

"नथनेल, देवाने दिलं, देवाने नेलं," केराबाईने पहिला बोल उच्चारला.

नथनेल फिरकी फिरवत राहिला.

"म्हण, आमेन."

तिने दुसरा बोल म्हटला. तिसरा म्हटला. नऊच्या नऊ म्हटले. एकदाही आमेन आलं नाही. मंडळीत कुजबुज सुरू झाली. केराबाईच्या वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"माझं काही चुकलं का?" ती जरा तोऱ्यातच म्हणाली. "की तुझा विश्वास नाही ह्यावर?"

तेव्हा नथनेलने फिरकी थांबवली. "विश्वास आहे, केरामावशी. ती प्रभूजवळ आहे, मला माहीत आहे. उठायच्या दिवशी ती उठणार, तेही माहीत आहे. पण तुम्ही म्हणता, तसंच असो म्हण. मला तसं नको आहे हो. मला ती समोर हवी आहे." मग त्याने झाडाकडे बोट केलं. "ते बघा ना. झाड पुढे येत नाही."

मंडळी निघून गेली. माणूस ठार वेडा झाला, हट्टाला पेटला, असं बोलत गेली. केराबाईही फाटकापर्यंत गेली. तिथे ती थांबली. रागच आला होता तिला, खोटं कशाला सांगू. आपले नऊ बोल असे पालथ्या घड्यावरचं पाणी व्हावेत! पण त्या रागाखाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. माणसाने सरळ सांगितलं होतं की काय हवं आहे. आणि बोलांच्या यादीत ते नव्हतं.

ती माघारी आली. कडुनिंबाला बांधलेली गाठ तिने सोडली आणि टोक हातात धरलं.

"कधी काळी वळायची मी," ती म्हणाली. "दे पीळ."

"मावशी, तुमचं वय..."

"वय माझं आहे, मी बघेन. तू पीळ दे."

पहिला दोर तिने बिघडवला. दुसरा तुटला. "तुमच्याहून झाड बरं होतं," नथनेल म्हणाला, आणि बायको गेल्यापासून त्याच्या तोंडून निघालेली ती पहिली थट्टा होती. तिसरा दोर कसाबसा झाला. तो दोघांनी मिळून गुंडाळला. संध्याकाळच्या आत ती घरी गेली तेव्हा तिच्या तळहातांना फोड आले होते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही. जाताना दोन भाकरी आणि कांद्याची पात न्यायची. खा म्हणायची नाही. आपण खायला बसायची आणि दुसरी भाकरी त्याच्या बाजूला ठेवायची. पहिले दोन दिवस ती भाकरी कावळ्यांनी नेली. तिसऱ्या दिवशी नथनेलने अर्धी खाल्ली.

बोलायचं म्हटलं तर केराबाईच्या जिभेवर नऊ बोल कायम तयार. वीस वर्षांची सवय ती. एकेकदा पाचवा बोल ओठांपर्यंत येई आणि ती दात आवळून धरी. गप्प बसणं हे तिला दोर ताणण्यापेक्षा जड गेलं. ज्यांना केराबाईसारखी जीभ आहे, त्यांनाच ते कळेल.

मग हळूहळू नथनेलच बोलू लागला.

"हन्ना टोक डाव्या हातात धरायची."

केराबाईने टोक डाव्या हातात घेतलं.

"ती मध्येच 'थांब' म्हणायची. मला न दिसणारा धागा तिला तिकडून दिसायचा."

"मला इथून तूसुद्धा धड दिसत नाहीस," केराबाई म्हणाली. "पण सांगेन थांब म्हणून."

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पीळ देता देता त्याचा हात थांबला. "मावशी, एक सांगायचं आहे. सांगू नये असं आहे."

"सांग."

"ताप आला त्या दिवशी सकाळी आम्ही नाडा वळत होतो. तिचं टोक सारखं सैल पडत होतं. मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, लक्ष कुठे आहे तुझं, झोपा काढतेस का? तिच्या अंगात तेव्हा ताप होता. टोक घट्ट धरलं तिने. नाडा पुरा केला आणि मग बसली. आणि तुम्ही मला म्हणता, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात! तिला शेवटचा नाडा मी वळायला लावला, मावशी. देवाने नाही."

केराबाई उभी होती. दोर दोघांच्या मध्ये ताणलेला होता. तिला आठवलं, की प्रभू मित्राच्या कबरीपाशी गेला तेव्हा त्याला पक्कं ठाऊक होतं, घटकाभरात हा मित्र उठून बाहेर येणार आहे. उत्तर त्याच्या हातात होतं. तरी तो आधी त्या घरच्या माणसांबरोबर रडला. मग मी कोण लागून गेले, कोरड्या डोळ्यांची?

आणि केराबाई रडली. वीस वर्षांत शोकाच्या घरी ती पहिल्यांदा रडली, आणि चांगली हमसून रडली. नथनेलही रडला. दोर सुटला, मातीत पडला, पीळ उलगडून गेला. कुणी तो उचलला नाही.

बऱ्याच वेळाने नथनेल म्हणाला, "तिची माफी मागायची राहिली."

"तर मग माग," केराबाई नाक पुसत म्हणाली. "ती ज्याच्याजवळ आहे त्याच्यापाशी माग. तो निरोप पोचवतो."

नथनेलने तिथेच मातीत गुडघे टेकले. काय बोलला ते केराबाईने ऐकलं नाही. ती पाठ करून उभी राहिली, कारण काही बोल दोघांतलेच असतात. पण तो उठला तेव्हा त्याने आपणहून विचारलं, "मावशी, आज भाकरी आणली आहे का?" त्या दिवशी त्याने दोन्ही खाल्ल्या.

असे पाच आठवडे गेले. दोर चांगले होऊ लागले. नथनेल हसला असं मी म्हणणार नाही. पण तो जेवत होता, झोपत होता, आणि हन्नाचं नाव त्याच्या तोंडी सहज येत होतं.

आणि सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, केराबाई गेली तर नथनेल धुतलेलं धोतर नेसून बसलेला.

"कुठे निघालास?"

"वडिलांकडे. आमेन म्हणून येतो."

"मनापासून?"

त्याने मान खाली घातली. "नाही. पण उद्या तिचं नाव वाचलं गेलं पाहिजे, मावशी. तीस वर्षं ती दफनभूमीत माझ्या शेजारी उभी राहून दुसऱ्यांची नावं ऐकायची. नाव आलं की मान लववायची. तिचं नाव कुणीच ऐकू नये? एवढ्यासाठी मी खोटं बोलेन. देव मला काय करायचं ते करो."

ज्याने उभ्या जन्मात दोरात कुजका वाख दडवला नाही, तो माणूस देवाच्या दारात खोटं बोलायला निघाला होता. आणि त्याला त्या दारात ढकललं कुणी? सांत्वनाने!

"तू इथून हलायचं नाहीस," ती म्हणाली. "फिरकीला तेल दे. मी जाऊन येते."

आणि पदर खोचून ती मंदिराच्या अंगणात आली. तिथून भांडण सुरू झालं, ते तुम्ही मघाशी ऐकलंत. आता पुढचं ऐका.

सोललेले तळहात पाहूनही वडील वाकले नाहीत. "दोर वळणं हे सांत्वन नव्हे," ते म्हणाले. "ज्याच्या तोंडून आमेन निघत नाही त्याचा विश्वास कच्चा. आज त्याला सोडलं तर उद्या जो तो म्हणेल, मला आठवा बोल पटत नाही, मला तिसरा रुचत नाही. मंडळी म्हणजे काय भाजीचा बाजार आहे?"

"बाजारात निदान टोपलीतलं खाली-वर करून बघता येतं!"

"केराबाई, जीभ आवरा!"

"माझी जीभ वीस वर्षं तुम्हाला गोड लागली, वडील. आज कडू झाली?"

"आज ती अविश्वासाची वकिली करते आहे म्हणून कडू झाली!" वडिलांचा आवाज एकाएकी चढला आणि म्हाताऱ्याचा राहिला नाही. "नथनेलला जड जातं म्हणे! बाकीच्यांना काय हलकं गेलं? माझा दानी गेला तेव्हा सहा वर्षांचा होता. सहा! मी म्हटलं आमेन! तिसऱ्या दिवशी, नऊ वेळा, कोरड्या डोळ्यांनी म्हटलं! दर वर्षी यादीत त्याचं नाव मी स्वतः वाचतो आणि पुढच्या नावाकडे जातो. आवाज हलू देत नाही. मी करू शकतो, तर तो नथनेल माझ्याहून कोण मोठा लागून गेला?"

अकरा वर्षांत वडिलांनी यादीबाहेर ते नाव उच्चारलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

केराबाई काहीतरी सणसणीत बोलायला तोंड उघडून उभी होती. ते ती बोलली नाही. तिच्या डोळ्यांपुढे ते दार आलं. ओसरीवर घातलेलं छोटं अंथरूण अजून तसंच होतं. बाप उंबऱ्यात उभा होता. आणि त्याच्यासमोर, छडीसारखी ताठ, उभी होती ती केराबाई.

ती मंदिराच्या पायरीवर मटकन बसली.

"तुम्ही रडायला लागला होता," ती म्हणाली. आवाज एवढा खाली, की लोक पुढे सरकले. "चौथ्या बोलाला तुमचा ओठ थरथरला. डोळ्यांत पाणी आलं. आणि मी बोट वर केलं. म्हटलं, पाचवा बोल आठवा. रडणं म्हणजे अविश्वास. तुम्ही ते गिळलंत. मला दिसलं गिळताना. आणि मी मनात म्हटलं, शाब्बास केरा, आवरलंस बघ."

वडिलांनी तोंड फिरवलं.

"कोरड्या डोळ्यांनी म्हणता ना? ते डोळे कोरडे मी केले. देवाने नाही." तिने ते सोललेले हात त्यांच्यापुढे जोडले. त्या गावात केराबाईने माणसापुढे हात जोडलेले कुणी पाहिले नव्हते. "लेकरा, माझं चुकलं. मला माफ कर."

वडिलांनी मंदिराच्या खांबाला हात लावला. जरा वेळ ते तसेच उभे राहिले, बैल ओझ्याखाली उभा राहतो तसे. मग ते पायरीवर बसले आणि अकरा वर्षांचं रडू आलं. भर दुपारी, सगळ्या मंडळीसमोर. "दानी," ते म्हणत होते. "माझा दानी. पाण्याला घाबरायचा हो तो. अंघोळीलासुद्धा रडायचा. आणि विहिरीतच गेला."

लोकांतला एक म्हातारा सवयीने म्हणाला, "देवाने दिलं..." आणि शेजारच्या बाईने त्याला कोपराने असं ढोसलं, की पुढचं तो विसरला. वडिलांची बायको गर्दीतून आली आणि नवऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. कुणीतरी तांब्याभर पाणी आणून ठेवलं. उन्हं कलेपर्यंत त्या पायरीवर माणसं नुसती बसून होती.

शेवटी वडिलांनी तोंड धुतलं. यादीची वही आतून मागवली. टाक शाईत बुडवून त्यांनी स्वतःच्या हाताने, सगळ्यांत खाली, लिहिलं: हन्ना, नथनेलची बायको. शाई वाळेपर्यंत ते त्या नावाकडे पाहत राहिले. आमेनचं त्यांनी विचारलं नाही, आणि त्या दिवसापासून त्या गावात ते कुणी कुणाला विचारलं नाही.

मग ते उठले. पण पायरी उतरताना अडखळले आणि मागे वळले.

"केरामावशी, नथनेलकडे जावं म्हणतो. आत्ताच. पण गेल्यावर बोलू काय? नऊ बोल सोडले, तर माझ्यापाशी दुसरं काहीच नाही."

केराबाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "दुःखी माणसाच्या दारात उत्तर घेऊन जाऊ नये, बाबा, त्याच्याबरोबर रडायला डोळे आणि त्याच्याबरोबर ओढायला हात घेऊन जावं, आणि त्याने विचारलं तरच बोलावं, कारण न विचारलेलं सांगायला देव समर्थ आहे."